बॅटरी संपली की नुबिया दिसेल

"अख्खी गल्ली या डबीत बसवून दाखवतो!" चेबो म्हणाला आणि त्याने डॉमिनोची सोंगटी टेबलावर अशी आपटली की अनानियासच्या दुकानातल्या बरण्यांना हुडहुडी भरली. "प्रत्येकाचं थोबाड! बघताक्षणी ओळखू येईल असं! आणि सांगून ठेवतो, एकालाही राग येणार नाही!"

डबी म्हणजे गाणी वाजवायचं मशीन. साबणाच्या वडीएवढं, काळं, गुळगुळीत, त्याला टपाल तिकिटाएवढा रंगीत पडदा. चेबोच्या मेहुण्याने माराकाइबोहून पाठवलेलं. तेव्हापासून चेबो ते शर्टाच्या खिशात असं मिरवत होता की जणू बिशपने गळ्यात घातलेलं पदक.

"एकालाही नाही?" अनानियासने गल्ल्यामागून विचारलं.

हा अनानियास डोंगराकडचा. आमच्या किनाऱ्यावरच्या बारांकिया शहरात दुकान टाकून त्याचे केस पिकले, तरी गल्लीच्या लेखी तो अजून 'काचाको'च. काचाको म्हणजे थंड हवेतून आलेला, भर उन्हात घाम न येणारा, आज विनोद सांगितला तर परवा हसणारा.

"एकालाही नाही!"

"आणि एक जरी चिडला तर?"

"तर मी होसेलितोची विधवा होईन! इथे, तुझ्या दुकानासमोर, शनिवारी संध्याकाळी!"

डॉमिनोच्या सोंगट्या हातातच राहिल्या. होसेलितो म्हणजे आमच्या कार्निव्हलचा जीव. चार दिवस पितो, नाचतो आणि मंगळवारी मरतो. मग गल्लीतले मिशाळ बाप्ये काळे झगे घालून, छातीला उशा बांधून, त्याच्या विधवा म्हणून गळा काढतात. मयताची सगळी पापं रडत रडत चव्हाट्यावर मांडायची, हीच त्या रडण्याची रीत. पण ते कार्निव्हलात, शंभर विधवांच्या गर्दीत, पोटात दारू असताना! भर जुलैत? शुद्धीत?

"आणि कुणीच चिडलं नाही, तर तू विधवा!" चेबोने बोट रोखलं. "गारठलेली, डोंगरातली विधवा!"

अनानियासने ओला हात फडक्याला पुसला आणि पुढे केला. "ठरलं. मी शब्दाचा पक्का आहे."

"ते माहितीये. म्हणून तर तुझ्याशी पैज लावायला मजा येते!"

चेबोला एवढा माज कशाचा, तेही ऐका. चेबो बार्रासा पिको रंगवणारा. पिको म्हणजे आमच्याकडचे भिंतीएवढे स्पीकर, जे वाजले की शेजारच्या घरातला फ्रीज चालायला लागतो. त्यांच्या तोंडावर झगझगीत रंगात वाघ, सैतान, मगरी, ज्वालामुखी काढायचे, हा त्याचा धंदा. अख्ख्या शहरात त्याचे वाघ डरकाळ्या फोडत उभे. त्यात त्याला इंटरनेट कॅफेत बसून एक शोध लागला होता. मशीन कॉम्प्युटरला जोडलं की आत एक फोल्डर दिसतो. त्यात बारीक बारीक चित्रं असतात, बॅटरीचं, आवाजाचं, थांबवायचं, कुलपाचं. ती बाहेर काढायची, त्याच मापाची आपली चित्रं काढून त्याच नावाने आत ठेवायची, बस! मशीन बिचारं भोळं. त्याला वाटतं, आपलीच आहेत.

आणि दुसरा माज टिंगलीचा. आमच्या गल्लीत टिंगल म्हणजेच विचारपूस. "काय रे टकल्या" म्हणजे "बरा आहेस ना". ज्याची कुणी टिंगल करत नाही, तो एक तर पाहुणा, नाहीतर मेलेला. आणि या टिंगलीच्या कारखान्याचा मालक चेबो! याने पाद्रीबाबांच्या खुर्चीखाली इग्वाना सोडलेला. याने बायकोच्या मावशीच्या शवपेटीची ऑर्डर दिलेली, मावशी जिवंत असताना, मापं घ्यायला माणूस घरी पाठवून! मावशीसुद्धा हसली होती. म्हणाली, "जरा ऐसपैस करा हो."

तर चेबो कामाला लागला. भिंतीएवढा वाघ काढणं सोपं, तिकिटाएवढा शेजारी काढणं म्हणजे तांदळाच्या दाण्याला लुगडं नेसवणं! एकेक ठिपका रंगवायचा. डोळे बटाट्यासारखे सुजले. बायको एदिल्मा म्हणाली, "छपराला गळती लागलीय, तिकडे बघत नाहीस, आणि तिथे उबाल्दोच्या टकलाला रंग देतोयस!"

"कला आहे ती, एदिल्मा!"

"छपरावर कर कला!"

पण झालं बुवा. एका रविवारी दुपारी, जेवणं उरकल्यावर, चेबोने मशीन अनानियासच्या गल्ल्यावर आणलं, दुकानाच्या स्पीकरला जोडलं आणि गोळ्यांच्या बरणीला टेकवून उभं केलं. गल्ली लोटली. एवढ्याशा पडद्यावर एवढी डोकी वाकली की टाळक्यांचे टणाटण आवाज यायला लागले.

"आवाज वाढवा!" चेबो ओरडला.

आवाज वाढवला, तर पडद्यावर बस ड्रायव्हर विल्फ्रीदो उगवला आणि त्याचं पोट फुगायला लागलं. जेवढा आवाज, तेवढं पोट! गल्ली लोळली.

"माझं पोट एवढं नाहीये," विल्फ्रीदो म्हणाला.

"थांब, अजून आवाज वाढवतो, मग जुळेल!"

विल्फ्रीदो आपल्याच पोटावर थापा मारत हसला. बॅटरीच्या जागी उबाल्दो न्हावी. हा स्वतः न्हावी आणि डोकं कसं, तर कलिंगडासारखं. पण पडद्यावर बॅटरी भरलेली असली की त्याच्या डोक्यावर भरगच्च केस, आणि उतरत जाईल तसा एकेक केस गळायचा! उबाल्दो हरखून गेला.

"आणि चार्जिंगला लावलं की परत उगवतात?"

"उगवतात की!"

"अरे मग मलापण लावा रे चार्जिंगला!"

तेच तेच गाणं परत वाजवायचं, त्या खुणेच्या जागी अमादोर मास्तर. हे मास्तर गेली कित्येक वर्षं एकच गोष्ट सांगतात, तरुणपणी मगरीच्या तोंडातून टोपी ओढून काढल्याची. "यात हसण्यासारखं काय आहे?" मास्तर म्हणाले. "ती मगर चांगली बारा फुटी..." आणि पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही. बटणांना कुलूप लावलं की एदिल्मा ओठांवर बोट ठेवून डोळे वटारायची. आणि मशीन बंद करताना खुद्द अनानियास दुकानाचं शटर खाली ओढायचा! त्याला ते तीनदा दाखवावं लागलं. तिसऱ्यांदा त्याच्या मिशीचं एक टोक हललं. काचाकोच्या मानाने ते गडगडाटी हास्य होतं.

"चिडलं कुणी?" चेबोने छाती काढली. "बोला! कुणी चिडलंय?"

"मी चिडलोय," गर्दीच्या मागून एक जण म्हणाला. "मला काही दिसतच नाहीये!"

"काचाको, झग्याचं माप देऊन ठेव!"

तेवढ्यात गर्दी आपोआप दुभंगली, कारण नुबिया आली होती.

नुबिया कान्तियो. कोपऱ्यावर संध्याकाळी कढई मांडून अरेपे तळते, म्हणजे मक्याच्या पिठाच्या अंडं भरलेल्या पुऱ्या. चेबोच्या मुलीला बाप्तिस्म्याला हिनेच कडेवर घेतलं, म्हणून ती चेबोची कोमाद्रे आणि तो तिचा कोंपाद्रे. हे नातं आमच्याकडे रक्ताच्या बहिणीच्याही वरचं. शिडीवरून पडून चेबो पाय मोडून बसला होता, तेव्हा त्याच्या घरची चूल हिच्या कढईवर चालली. आजही पहिल्या घाण्यातला पहिला अरेपा चेबोचाच, आणि तो देताना रोज ठरलेली शिवी, "घे मेल्या, खा आणि फुग!" ती ऐकल्याशिवाय चेबोला घास गिळत नाही.

"सरका रे!" नुबिया पिठाचे हात पदराला पुसावेत तसे एप्रनला पुसत पुढे आली. "बघू दे माझ्या कोंपाद्रेचे प्रताप. अगं बाई! हा विल्फ्रीदो! आणि हा उबाल्दो, केस असताना किती देखणा दिसतो मेला!" ती अशी हसली की बरणीतल्या गोळ्या हलल्या. मग तिने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. "आणि मी कुठंय?"

चेबो एकदम बरणीतल्या गोळ्या मोजायला लागला.

"मी कुठंय रे? हा तर मास्तर. ही एदिल्मा. हे... हे कुठलं? हा पुन्हा मास्तर." पिठाचं बोट मशीनभर फिरत होतं. गाण्यांच्या यादीत, घड्याळाच्या पानावर, जिथे कुणी कधी जात नाही त्या भाषा बदलायच्या पानावरसुद्धा ती जाऊन आली. हसू अजून चेहऱ्यावर होतं, पण कडेने निथळायला लागलं होतं.

चेबो तिला विसरला होता. साफ विसरला होता! गल्लीच्या तोंडावरच्या न्हाव्यापासून मगरवाल्या मास्तरापर्यंत सगळे आठवले. आणि रोज जिच्या हातचं खातो ती? हवा आठवते का कुणाला? तसं झालं होतं. पण हे सांगायचं कसं?

त्या क्षणी चेबोने 'विसरलो' म्हटलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण जन्मभर थापा मारलेल्या जिभेला सरळ बोलायची सवय कुठली!

"तुझं चित्र असं कुठेही दिसेल का, कोमाद्रे?" तो म्हणाला. "हे बाकीचे उठसूट दिसतात. तू खास! तू एकदाच दिसणार. शेवटी! बॅटरी अगदी संपत आली की!"

"खरंच?"

"मग! सगळ्यात मोठं चित्र. अख्खा पडदा!"

नुबियाचा चेहरा पिकल्या आंब्यासारखा झाला. "मेल्या," ती म्हणाली, "मला वाटलं विसरलास."

चेबोला वाटलं, सुटलो. उद्या सकाळी कॅफे उघडला की चित्र काढून आत ढकलू. पण अनानियासने हात वर केला.

"मग बॅटरी आत्ताच संपवू. मला पैजेचा निकाल लागायला हवा."

"आत्ता कशाला? उबाल्दोचे निम्मे केस अजून शिल्लक आहेत!"

"वाजवू की!" विल्फ्रीदो म्हणाला. "आवाज पूर्ण! माझं पोट फाटेपर्यंत!"

"वाजवा! वाजवा!" गल्लीला रविवारी दुपारी दुसरं काम काय असतं?

चेबो हसला. ते हसू कसं होतं, तर दात काढताना डॉक्टर 'दुखतंय का' विचारतो तेव्हा आपण हसतो तसं. कारण त्याला आता आठवलं होतं, बॅटरी संपतानाचं चित्र त्याने खरंच काढलं होतं. आणि ते होतं मिनिस्त्रोचं! मिनिस्त्रो म्हणजे गल्लीतला खरुजलेला कुत्रा. दिवसभर झोपतो, जेवायच्या वेळी उठतो, म्हणून नाव मिनिस्त्रो, म्हणजे मंत्रीसाहेब. चित्रात तो उताणा पडलाय, चारी पाय वर, जीभ बाहेर, डोळ्यांच्या जागी फुल्या. अख्खा पडदा!

गाणी सुरू झाली. मशीन अनानियासच्या ताब्यात. पैजेचा माल म्हणे! चेबो गल्ल्याशी सरकला. "दे रे जरा, गाणं बदलतो."

"मी बदलतो. कुठलं हवं?"

"अरे, पण ते गरम झालं असेल. पुसून आणतो."

"मी पुसतो."

चेबोने एदिल्माला खांबामागे ओढलं. "तू जा. त्याला बोलण्यात गुंतव. मी मशीन पळवतो."

एदिल्माने त्याच्याकडे बघितलं. कमरेवर हात गेले. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर बायकोला मशीन लागत नाही, आतलं सगळं बाहेरूनच दिसतं. "चेबो, तू तिला काढलंच नाहीस."

"श्श!"

"विसरलास? नुबियाला? माझ्या तोंडावर बोट काढायचं बरं आठवलं तुला!"

"हळू बोल ना! तू मदत करणार की नाही?"

"तूच काढलेलं ना चित्र?" एदिल्मा म्हणाली. तिने ओठांवर बोट ठेवलं, डोळे वटारले आणि गेली निघून.

इकडे ऊन उतरलं. नुबिया दिसेना. चेबोला जरा बरं वाटलं, विसरली असेल, कढई मांडायला गेली असेल. तर समोरून ती आली, आणि चेबोला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तिने आंघोळ केली होती. केस वर बांधले होते. कानांत लांब सोन्याचे झुमके. ओठांना लाल रंग. अंगात तो निळा पोशाख, जो तिने चेबोच्या मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाला शिवला आणि त्यानंतर कधी घातला नव्हता.

"अगं, कढई?" कुणीतरी विचारलं.

"आज नाही कढई," नुबिया लाजून म्हणाली. "चित्राशेजारी उभं राहायचं तर जरा बरं नको दिसायला?"

बास! रविवारी संध्याकाळी नुबियाची कढई बंद, हे गल्लीने कधी पाहिलं नव्हतं. अरेपे घ्यायला आलेल्यांना कळेना. "काय झालं? कुणी गेलं का?" "नाही हो, बॅटरी संपली की नुबिया दिसणार आहे!" "म्हणजे?" "थांबा, दिसेल!" पुढच्या गल्लीचे आले. बस थांबवून विल्फ्रीदोचे सोबती ड्रायव्हर आले. खुर्च्या आल्या. एक जण शहाळी विकायला लागला. अनानियासने नुबियाला स्वतःची खुर्ची दिली, आणि ती पहिल्या रांगेत, मशीनसमोर, मांडीवर हात ठेवून बसली, फोटो काढून घ्यायला बसतात तशी.

"सात केस!" उबाल्दो ओरडून सांगायचा. "सहा! अरे माझ्या देवा, पुन्हा तेच दिवस बघतोय मी!"

चेबोने शेवटचा डाव टाकला. लघवीला जातो म्हणून दुकानाच्या मागे गेला, गोण्यांवरून रांगत गल्ल्याखाली पोचला आणि हात वर करून हळूच चार्जरची वायर मशीनला खुपसली. आता केस उगवतील, रात्र होईल, लोक कंटाळून जातील! उबाल्दो किंचाळला, "अरे उगवले! केस उगवले!" आणि त्याच क्षणी लाइट गेली. अख्ख्या गल्लीची!

पंखे थांबले. स्पीकर मेला. अंधारात गल्ल्यावर तो तिकिटाएवढा पडदा तेवढा चमकत राहिला, मेणबत्तीसारखा, आणि त्याच्या उजेडात गल्ल्याखालून वर आलेला चेबोचा हात दिसला.

"तिथे काय करतोयस?" अनानियासने विचारलं.

"लघवी," चेबो म्हणाला.

"माझ्या साखरेच्या गोण्यांत?"

हशा पिकला, आणि त्यात चेबो गुडघे झटकत बाहेर आला. स्पीकर नसला तरी मशीन वाजतच होतं. नुबियाने मशीनबरोबर आलेल्या इअरफोनची बोंडं कानांत घातली. ती एकटीच आता ऐकत होती, मान हलवत होती, आणि तिच्याकडे बघून गल्ली टाळ्या वाजवत होती. "दोन केस! एक!" पडद्याच्या उजेडात तिचे झुमके लकाकत होते. चेबोला त्या झुमक्यांकडे बघवेना, आणि दुसरीकडे बघावं तर सगळीकडे अंधार.

"शेवटचा केस गेला!" उबाल्दोने डोक्यावरची नसलेली टोपी काढली.

पडदा भरून मिनिस्त्रो आला. उताणा. चारी पाय वर. जीभ बाहेर.

मग मागून एक जण म्हणाला, "झुमके नाही काढले वाटतं." एक फिसकन हसला. दुसरा हसला. नुबियाही हसायला गेली. ते तिला जमलं नाही. तिने पडदा जरा जवळ घेऊन बघितला. "ही मी?" तिने विचारलं. चिडून नाही. नीट कळावं म्हणून.

हो म्हटलं असतं तर टिंगल म्हणून खपलं असतं. चेबोच्या जिभेवर ते आलंही होतं. पण निळा पोशाख समोर होता.

"नाही, कोमाद्रे," चेबो म्हणाला. "तो मिनिस्त्रो आहे. तू नाहीस. कुठेच नाहीस. मी... विसरलो."

मशीनमधल्या अनानियासने शटर खाली ओढलं आणि पडदा काळा झाला.

अंधारात नुबिया उठल्याचा आवाज आला. कानातली बोंडं तिने नीट गुंडाळून गल्ल्यावर ठेवली. "असू द्या," ती म्हणाली. "एवढी माणसं आहेत गल्लीत. तुम्ही तरी कुणाकुणाला लक्षात ठेवणार, बार्रासा साहेब."

तुम्ही! साहेब! गल्लीने श्वास आत घेतला तो आतच ठेवला. चेबोच्या तोंडावर कुणी कढईतलं तेल ओतलं असतं तरी एवढं भाजलं नसतं.

"ताई," अनानियासने घसा साफ केला, "माफ करा, पण पैजेपुरतं विचारतो. तुम्हाला राग आलाय का?"

"राग?" नुबिया म्हणाली. "नाही हो. राग आपल्या माणसाचा येतो."

आणि निळा पोशाख अंधारात निघून गेला.

थोड्या वेळाने लाइट आली. अनानियास तसाच उभा होता, गंभीर. "राग आला नाही म्हणाली," तो म्हणाला. "म्हणजे कुणीच चिडलं नाही. चेबो, पैज तू जिंकलास."

"मी हरलोय!"

"नियम म्हणजे नियम. विधवा मी होणार."

"अरे काचाको, तू माणूस आहेस की सरकारी शिक्का? मी हरलो! सगळ्यांच्या देखत हरलो!"

"मी शब्दाचा पक्का आहे."

"मी तुझ्या शब्दाला..." मग चेबोने त्या शब्दाचं काय करायचं ते सांगितलं. ते इथे लिहिता येणार नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते चेबोलाच माहीत. संध्याकाळी तो कढईशी उभा राहायचा, मान खाली घालून. अरेपा मिळायचा. पहिल्या घाण्यातला नव्हे, मधला कुठला तरी, कागदात व्यवस्थित गुंडाळलेला. "घ्या साहेब. गरम आहे, सांभाळून." सांभाळून! तो अरेपा त्याच्या घशाखाली लाकडासारखा जायचा. त्याने कॅफेत बसून नुबियाची चित्रं काढली, झुमक्यांसकट, कढईसकट, हसताना, शिव्या देताना. सगळ्या मशीनमध्ये नुबियाच नुबिया केली आणि नेऊन तिच्यासमोर धरली. तिने बघितलं. "छान आहे," म्हणाली. "तुमचा हात चांगला आहे." पिको रंगवून घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाने म्हणावं तसं!

शनिवार उजाडला आणि चेबोने एदिल्माचा काळा झगा मागितला.

"पण तू तर जिंकलास ना?" एदिल्मा म्हणाली.

"एदिल्मा, झगा दे."

तिने दिला. बटणं मागून लागेनात, तर तिनेच लावली, आणि लावता लावता एक चिमटाही काढला. चांगला जोरात.

संध्याकाळी चेबो छातीला दोन उशा बांधून, डोक्यावर काळी ओढणी घेऊन, हातात रुमाल धरून दुकानासमोर आला. गल्ली आधीच भरली होती. कोपऱ्यावर नुबियाची कढई धडधडत होती. आणि दुकानाच्या पायरीवर, काळा लोकरीचा झगा, काळे मोजे, काळी टोपी आणि अंगाभोवती शाल गुंडाळून, दुसरी विधवा उभी होती!

"तू कशाला आलास?" चेबो ओरडला.

"मी हरलो म्हणून," अनानियास म्हणाला.

"मी हरलोय!"

"नियमाने मी!"

"अरे एक नवरा, दोन बायका!" विल्फ्रीदो ओरडला. "होसेलितो मेला नाही, पळून गेला!"

दोघंही मागे हटेनात. शेवटी दोघंही रडले. अनानियासचं रडणं कसं, तर पोस्टात तार वाचून दाखवतात तसं. "हे होसेलितो. तू आम्हाला सोडून गेलास. आम्हाला दुःख झालं आहे." लोकांनी पोटं धरली. मग चेबोची पाळी. त्याने गळा काढला. "अरे माझ्या होसेलितो! काय सांगू तुझी पापं! जिच्या हातचं खाल्लंस, तिलाच विसरलास रे! कुत्रा आठवला आणि तिला विसरलास रे!" सुरुवातीला लोक हसले. मग हसणं जरा कमी झालं. चेबोचा आवाज चिरकला. पण विधवेने रडता रडता लोकांना हसवायचं असतं, आणि ते त्याला त्या दिवशी काही केल्या जमेना. तो नुसताच उभा राहिला, रुमाल पिळत. उशी सरकून पोटावर आली.

कढईत झारा आपटल्याचा आवाज आला.

"बंद कर ते रेकणं, मेल्या!" नुबिया गरजली. "याला रडणं म्हणतात? बद्धकोष्ठ झालेलं गाढव बरं रडतं! माझं गिऱ्हाईक पळवशील! सरक तिकडे!"

ती एप्रनसकट रस्त्याच्या मधोमध आली. चेबोच्या डोक्यावरची ओढणी तिने हिसकली, स्वतःच्या डोक्यावर घेतली, छाती बडवली आणि असा टाहो फोडला की कोपऱ्यावरची बस थांबली.

"गेला गं माझा कोंपाद्रे! गेला गं तो मुडदा चेबो! मापात कधी काही काढलं नाही गं, वाघ काढायला गेला आणि त्याची मांजर झाली गं! कान तर असे, की वारा सुटला की एदिल्मा त्याला दाराला बांधून ठेवायची गं! नाचायला उठला की लोक डॉक्टर बोलवायचे गं! एवढे अरेपे खाल्ले माझे, एकसुद्धा मेंदूपर्यंत चढला नाही, सगळे ढुंगणाला लागले गं!"

गल्ली कोसळली. विल्फ्रीदो खांबाला धरून हसत होता. मास्तर मगर विसरले. चेबोचे कान, त्याचं नाचणं, त्याचं घोरणं, छपराची गळती, एकेक पाप नुबिया चव्हाट्यावर धोपटत होती, आणि चेबो मान खाली घालून, पोटावरची उशी धरून उभा होता. लाज तर अशी वाटत होती की झग्याच्या आतच विरघळावं. आणि डोळ्यांतून खरं पाणी यायला लागलं, थांबेना.

"वा! काय ॲक्टिंग!" मागून कुणीतरी टाळी वाजवली.

अनानियास शाल सावरत त्याच्या कानाशी वाकला. "चेबो, मला अजून कळलेलं नाही. शेवटी हरलं कोण?"

"मी," चेबोने रुमालात नाक शिंकरलं. "आता गप्प बस जरा. माझी टिंगल चाललीय, ऐकू दे."